वाचणाऱ्यांची ओळ

आमच्या बालाघाटात सिनेमा पाहणाऱ्यांची एक मंडळी आहे. तिचं कागदोपत्री नाव बरंच लांब आहे, पण आम्ही सगळे तिला नुसतं 'रविवार' म्हणतो. बाजारात कोणी "रविवारले येऊन राह्यल्या का?" असं विचारलं की समजायचं, महिन्यातल्या शेवटच्या रविवारच्या सिनेमाबद्दल बोलणं चाललं आहे. वॉर्डाच्या सामुदायिक भवनात वरच्या मजल्यावर आम्ही जमतो. लग्नसराईत भवन मिळत नाही, तेव्हा एका राईस मिलच्या रिकाम्या गोदामात बसतो आणि घरी गेल्यावर साड्यांमधून भुसा झटकतो. जानेवारीत तीन दिवसांचा महोत्सव असतो. महोत्सव म्हणजे टेंट हाऊसच्या खुर्च्यांना पांढरी खोळ आणि दारात रांगोळी, बाकी सगळं तेच.

मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतून निवृत्त झालेले एक इंजिनियर साहेब आमचे अध्यक्ष आहेत. खजिनदार, प्रोजेक्टर चालवणारे आणि पडद्याच्या दोऱ्या बांधणारेही तेच. देशोदेशीचे सिनेमे ते रीतसर परवानगी मागून आणतात आणि पडद्यावर खाली येणाऱ्या हिंदी ओळी स्वतः बसून लिहितात. माणूस कष्टाळू, त्यात वादच नाही. पण आयुष्यभर कंपनीत सूचना आणि परिपत्रकं लिहिल्यामुळे त्यांच्या हिंदीला इस्त्री फार कडक. कुठल्यातरी डोंगरावरचा मेंढपाळ तोंड वाकडं करून शेळीला ओरडतो आणि खाली ओळ येते, 'कृपया इधर पधारें.' मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ठसका लागला होता.

मी शाळेत गणित शिकवते. लग्न केलं नाही, आईबाबांजवळ राहते आणि गडबड मला खपत नाही. सिनेमा सुरू असताना कोणी शेंगदाण्याची पुडी उघडली तरी मी मागे वळून पाहते, आणि मी पाहिलं की पुडी बंद होते. साहेबांनाही शांतता लागते, त्यामुळे आमचं दोघांचं जमलं. आता गंमत अशी की या रविवारात कुजबुज शिरली ती माझ्याच घरातून.

आई तिरोडीकडच्या एका खेड्यातली. धाकटी भावंडं सांभाळण्यात तिची शाळा राहून गेली. मी नोकरीला लागल्यावर तिला वाचायला शिकवायचं मनावर घेतलं होतं. पाटी आणली, तक्ता आणला. आठवडाभर ती कौतुकानं बसली, मग म्हणाली, "राहू दे व. मले आता कलेक्टर व्हायचं हाय का?" मी पुन्हा पुन्हा मागे लागले. शेकडो पोरांना गुणाकार शिकवले, पण आईपुढे मी हात टेकले.

एकदा ती म्हणाली, मलेबी रविवारले यायचं हाय. बाबा तिला घेऊन आले आणि दोघं तिसऱ्या ओळीत बसले. सिनेमा सुरू झाला आणि पाठोपाठ बाबांचा आवाज सुरू झाला. ओळ आली की ते वाचायचे आणि आपल्या बोलीत आईला सांगायचे. बाबा रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. खिडकीच्या भोकातून बोलून बोलून त्यांना एक वेगळाच आवाज लागला होता, बारीक पण समोरच्याला नेमका ऐकू जाणारा. दुर्दैवानं तो समोरच्या दोन ओळींनाही ऐकू जायचा.

साहेबांनी सिनेमा थांबवला, दिवे लावले आणि म्हणाले, "बाबूजी, सिनेमा देखने की चीज़ है, सुनाने की नहीं."

माझे कान तापले. जमीन दुभंगेल तर बरं, असं झालं. बाबा काही बोलायच्या आत आईच उभी राहिली. "मले वाचता येत नाई साहेब," ती म्हणाली. "मंग मी काय त्यांचे नुसते कपडे पाहू?"

लोक हसले. हसू ओसरल्यावर कोपऱ्यातली एक बाई हळूच म्हणाली, मलेबी येत नाई. मग आणखी एकीनं सांगितलं. इतके दिवस या बायका गुपचूप बसून कपडेच पाहत होत्या, हे कोणाच्या गावीही नव्हतं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि तिथल्या तिथं नियम केला. भिंतीला लागून असलेली शेवटची ओळ वाचणाऱ्यांची. जिला वाचता येत नाही तिनं आपला वाचणारा सोबत आणावा आणि मागं बसावं. कोणी सुनेला आणू लागली, कोणी शेजारणीला. नवऱ्याला घेऊन येणारी मात्र आई एकटीच होती, आणि ती ते मिरवायची.

मी दुसऱ्या ओळीत बसायचे, मागचा आवाज कमीत कमी यावा म्हणून. परतताना आई रस्ताभर सिनेमा सांगत यायची. वैनगंगेच्या काठाकडून थंड वारा येत असायचा, बाबा तिच्या एका बाजूला आणि मी दुसऱ्या. तिचा सिनेमा मी पाहिलेल्या सिनेमापेक्षा जरा वेगळा असायचा. मी मेला म्हणायचे तो तिच्या सांगण्यात बेशुद्ध पडलेला असायचा. मी समजायचे, वय झालं, घोटाळा होतो. सांगायच्या भरात ती इतकी खूश असायची की मी, जी पोरांची एक चूक सोडत नाही, ती गप्प राहायचे. बाबाही गप्प असायचे, आणि त्यांच्या गप्प बसण्याचं मला कधी काही वाटलं नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर बाबांचे डोळे बिघडले. सुरुवातीला म्हणाले, दाराची चौकट वाकडी दिसते, सुताराले बोलाव. मग एक दिवस माझ्याकडे पाहत म्हणाले, "तुहे कान दिसून राह्यले बाई, पर तोंड नाई दिसत."  गोंदियाच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. नजरेचा मधला भाग गेला आहे, तो परत येणार नाही. कडेचं दिसेल, चालता फिरता येईल, पण अक्षर आणि माणसाचा चेहरा आता दिसायचा नाही. येताना गाडीत आई खिडकीबाहेर पाहत होती. बाबा म्हणाले, "चाला, पेपरचा खर्च वाचला." 

त्या महिन्याच्या रविवारी दुपारी मी तयार होऊन बाहेर आले तर दोघं ओसरीत बसलेले. आई म्हणाली, मी नाही येत. बाबा म्हणाले, ती नाही तर मी कायले येऊ. पुढच्या महिन्यातही तेच. हळूहळू बाबांनी चौकात जाणंही सोडलं. लोक रामराम घालतात आणि चेहरा दिसत नाही, कोणाला काय म्हणावं कळत नाही, म्हणायचे. आई त्यांच्यासाठी घरात बसू लागली आणि ते आईसाठी. मला भीती वाटू लागली ती डोळ्यांपेक्षा या बसण्याची. एकदा का ओसरीतला तो कोपरा पक्का झाला, की माणूस तिथून उठत नाही. या दोघांना रविवारी पुन्हा त्या भवनाच्या जिन्यावर चढवायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

जानेवारी आला. महोत्सवाच्या पहिल्या दिवशी आम्ही लोकांच्या मागणीवरून जुना एखादा सिनेमा परत दाखवतो. यंदा निघाला तो शेळ्यांचा, आईचा सगळ्यात आवडता. बर्फाच्या डोंगरात एक म्हातारी, तिच्या शेळ्या आणि तिचा मुलगा. मी आईला म्हटलं, "मी वाचून दाखवते. बाबापेक्षा चांगली वाचते मी." बाबांना मी म्हटलं, तुम्ही नुसते बसा. बाबांनी ऐकलं नाही. आई मात्र त्या शेळ्यांसाठी आली.

मी आयुष्यात पहिल्यांदा शेवटच्या ओळीत बसले. साहेबांनी लांबून पाहिलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. मी लक्ष दिलं नाही. ओळ आली की वाचायचं आणि आपल्या बोलीत सांगायचं, शब्द न गाळता. मला वाटलं, छान जमतंय. मग ती जेवणाची जागा आली. म्हातारी मुलाला वाढते, तो खाऊन उठतो, दाराशी जातो आणि काही बोलतो. खाली ओळ आली, 'मेरी प्रतीक्षा न करें। मेरा लौटना संभव नहीं है।'

"माही वाट पाहू नको म्हणते," मी सांगितलं. "आता वापस येणं होत नाई."

"काई तरी काय," आई म्हणाली. "दिवाळीले येतो म्हणते तो."

"आई, लिवलं हाय न तठी."

"लिवलं असन. पर तो दिवाळीले येतो म्हणते."

"त्यांच्यात कुठली दिवाळी आली व?"

"त्यांची त्यांची असते," आई ठामपणे म्हणाली. पुढच्या ओळीतून एकानं मागे वळून पाहिलं. मागे वळून पाहणं हे माझं काम, आणि आज माझ्याकडेच कोणी पाहत होतं. मी आवाज खाली आणला आणि जे लिहिलं होतं ते वाचत राहिले. चुकीचं उत्तर बरोबर म्हणून सोडून द्यायची मला सवय नाही. सिनेमाच्या शेवटी म्हातारी दारात बसून राहते. आईनं पदर सावरला आणि दिवे लागायच्या आधीच उठली. रस्ताभर तिनं सिनेमा सांगितला नाही. घराच्या फाटकाशी आल्यावर फक्त म्हणाली, "तू चांगली वाचतं. पर मी आता नाई येत."

मी तडक बाबांसमोर जाऊन उभी राहिले. "बाबा, तुमी आईले काय काय वाचून दाखवत होते?"

बाबांनी माझ्या कानाकडे पाहिलं. "काहून? काय झालं?"

"त्या पोराले दिवाळीले बोलावलं तुमी?"

ते लहान पोरासारखे ओशाळे हसले. मग कबूल झाले. कोणी मेलं की ते बेशुद्ध पाडायचे. भांडून निघालेल्याला चार ओळींनी परत आणायचे. कोर्टात शिक्षा झालेल्याला त्यांनी जमानतीवर सोडवलं होतं. एकदा एका बुडत्या माणसाला त्यांनी पोहायला येत असल्याचं सांगून टाकलं होतं. "तिले रात्री झोप नसती आली," ते म्हणाले. "अन तिले झोप नाई तर मले नाई. म्या माह्या झोपेसाठी केलं ते."

मला रागही आला आणि हसूही. इतक्या सिनेमांचे शेवट या माणसानं शेवटच्या ओळीत बसून बदलले होते आणि मी पुढे बसून शेंगदाण्याच्या पुड्यांवर नजर ठेवत होते. मग वाटलं, आज मी तिच्याकडून तो एक सिनेमाच नाही, मागचे सगळे सिनेमे काढून घेतले. आता तिला कळलं, की बाबा खोटं वाचत होते. त्या दिवशी मला नीट जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई अंगणात उन्हात लाखोळीची कोवळी भाजी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि भाजी ओढून घेतली. माफी कशाची मागावी तेच सुचेना. म्हटलं, "बाबानं तुह्यासाठीच केलं ते. तू त्यायच्यावर रागावू नको."

आईनं मान वर केली. "मी कायले रागावू? मले का आता समजलं?"

"म्हणजे?"

"मले वाचता येत नाई. दिसते न पर. तो पोरगा दारात उभा होता अन आपल्या मायकडे पाहत नोहता. वापस येणारा पोरगा असा उभा राहते का? मले तवाच समजलं होतं." ती देठ खुडत राहिली. "अन बुडलेला माणूस पवून राह्यला म्हणे. मले डोळे नाई का?"

"मंग काही बोलली काहून नाई?"

"काहून बोलू? मले वाईट वाटू नाई म्हणून ते तिकडं इतकं जोडून जोडून सांगून राह्यले, अन मी का खोटं म्हणू त्याले?" तिनं माझ्या हातातलं एक जून देठ काढून टाकलं. मग म्हणाली, "तू मले शिकवत होती न, पाटी घेऊन. मले येऊन राह्यलं होतं. पर मले वाचता आलं असतं तर तुह्या बाबानं पेपर कोणाले वाचून दाखवला असता?"

तेव्हा सिनेमाचा रविवार नव्हता, फक्त बाबांचा पेपर होता. दुपारी जेवणानंतर ते तिला मोठ्यानं पेपर वाचून दाखवायचे. मला रडू आलं. माझ्या तक्त्यापुढे ती हरली नव्हती, तिनं तो मुद्दाम बाजूला ठेवला होता. मी मान खाली घालून भाजी निवडत राहिले, आणि तिनं ते न पाहिल्यासारखं केलं.

महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी मी कोणाला विचारलं नाही. ऑटो बोलावला, बाबांच्या अंगात स्वेटर घातलं, आईच्या हातात शाल दिली. बाबा म्हणाले, "मी काय पाहू तठी?" मी म्हटलं, "माहे कान पाहा." ते आले. जिना चढताना आईनं त्यांचा हात धरला नाही, फक्त एक पायरी पुढे राहिली, म्हणजे तिच्या साडीचा रंग त्यांना कडेनं दिसत राहील. वरती साहेबांनी पुढे येऊन नमस्कार केला आणि आवाज ऐकताच बाबांनी त्यांना ओळखलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आम्ही शेवटच्या ओळीत बसलो. आई मध्ये, तिच्या एका बाजूला बाबा आणि दुसऱ्या बाजूला मी. दोघांना मीच वाचून दाखवायचं ठरलं होतं. सिनेमा म्हाताऱ्या नवराबायकोचा होता, समुद्राकाठच्या एका घरातला. सुरुवातीचं मी वाचलं. बाबा मान कलती करून ऐकत होते, डोळ्याच्या कडेनं पडद्यावरचा उजेड पाहत होते. मग घरात डॉक्टर येतो, म्हाताऱ्याला तपासतो आणि बायकोला बाहेर नेऊन बोलतो. मी ओळ मनातच वाचली. डॉक्टर जे सांगत होता ते मला बाबांसमोर सांगायचं नव्हतं. आणि दुसरं काही जोडायला मला येत नव्हतं. बाबांना जे चुटकीसरशी जमायचं ते माझ्या जिभेवर येईना.

पडद्यावर बायको आत आली. नवऱ्याच्या उशाशी बसली, त्याचा हात हातात घेतला आणि सावकाश बोलू लागली. खाली साहेबांची इस्त्रीची ओळ आली, 'आपके बिना यह घर मेरे लिए निरर्थक है।'

"काय म्हणून राह्यली ती?" बाबांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बाबांकडे वळली.

"जेवून घ्या म्हणते," आई म्हणाली. "थंडं होऊन राह्यलं म्हणते."

बाबांनी मान आईकडे कलती केली. ही लबाडी त्यांच्याच दुकानातली, ती त्यांना न ओळखून कसं चालेल. पडद्यावरची बाई आता रडत होती, आणि तिचा आवाज तर हॉलभर ऐकू येत होता.

"भाजी कायची हाय?" बाबांनी विचारलं.

"लाखोळीची."

"हौ," बाबा म्हणाले. त्यांनी अंदाजानं हात पुढे केला आणि आईचा हात त्यांना सापडला. "वाच पुढं."

आणि आई पडद्याकडे पाहत पुढं वाचू लागली.